रात्रीच्या नांगरटीसाठी घरी बनवलेला एलईडी हेडलाइट

ऊस गेला की आधी पाचट कुट्टी, मग नांगरट, मग रोटर (ढेकळं फोडणारा रोटाव्हेटर), आणि हे सगळं पुढच्या लागणीच्या आत उरकायचं. दिवसा ट्रॅक्टर भाड्याच्या कामावर असतो. त्यामुळे स्वतःच्या रानात फाळ लागतो तो रात्रीच्या जेवणानंतर. आमच्या कृष्णाकाठच्या काळ्या रानात माझी निम्मीअधिक नांगरट अंधारातच झाली आहे. नांगराचा तास (सरी) कुठे संपला, बांधाचा दगड कुठे आहे, रोटरच्या पात्यात जुनी ठिबकची नळी अडकली का, हे सगळं दिव्याच्या उजेडावर ठरतं. ढेकळाआडून साप निघाला तर तोही दिव्यातच दिसायला हवा.

जुन्या हॅलोजनने ही कामं केली, पण त्याचे दोन त्रास कायमचे. ट्रॅक्टरच्या हादऱ्याने बल्बची तार तुटते आणि एक ५५ वॉटचा बल्ब बॅटरीतून साडेचार अँपिअर ओढतो. एलईडीला तुटायला तारच नसते आणि कामाचा उजेड एक-सव्वा अँपिअरमध्ये मिळतो. बाजारात तयार एलईडी बार मिळतात. ते वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण स्वस्तातला बार उघडून पाहा, म्हणजे एलईडीमागे ॲल्युमिनियम किती पातळ आहे ते कळेल. घरी दिवा बनवला की आत काय आहे हे आपल्याला ठाऊक असतं आणि बिघडला तर तासाभरात दुरुस्त होतो. सोल्डरिंग गन धरता येत असेल आणि मल्टीमीटर वापरता येत असेल, तर दोन संध्याकाळींचं काम आहे.

आधी एक गोष्ट पक्की करा

हा दिवा शेतात काम करण्यासाठी आहे. कंपनीचा हेडलाइट काढून त्या जागी तो बसवू नका आणि रस्त्यावर तो लावू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाने बदल करता येत नाहीत. असा बदल केलेल्या मालकाला कलम १८२ अ खाली दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंडापेक्षा मला समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याची काळजी जास्त वाटते. हेडलाइटच्या परावर्तकाचा आकार बल्बच्या तारेची जागा मिलिमीटरमध्ये धरून काढलेला असतो. तिथे वेगळ्या आकाराचा एलईडी आला की उजेड वाटेल तिकडे फाकतो आणि समोरच्याला काही क्षण काहीच दिसत नाही. ऊस वाहतुकीच्या दिवसांत अरुंद रस्त्यावर ते काही क्षण पुरेसे असतात.

म्हणून या दिव्याला स्वतंत्र स्विच ठेवायचा आणि बांधावरून रस्त्यावर चढताना तो बंद करायचा, ही सवय पहिल्या रात्रीपासून लावा. खर्चाला पैसे थोडेच असतील तर हा दिवा पुढच्या महिन्यावर ढकला आणि आधी ट्रॉलीच्या मागे लाल दिवे व रिफ्लेक्टर लावा. अंधारात उभी असलेली उसाची ट्रॉली मागून दिसली पाहिजे. ते काम या दिव्यापेक्षा आधीचं.

सामान

सगळ्यात महत्त्वाची वस्तू भंगारात मिळते: घराबाहेर लावतात त्या एलईडी फ्लडलाइटचा बंद पडलेला डबा. विजेच्या झटक्याने त्याची आतली प्लेट जळते, पण ओतीव ॲल्युमिनियमचा पंखेदार डबा, जाड काच, रबरी गॅस्केट आणि मागचा कानाचा क्लॅम्प हे सगळं शाबूत राहतं. ३० वॉटचा डबा घ्या. आपण त्यात १३ वॉट घालणार आहोत, म्हणजे उष्णतेला ऐसपैस जागा मिळते. आतली खोली निदान २० मिलिमीटर हवी, नाहीतर भिंगं काचेला टेकतात. अगदी चपटे आधुनिक डबे त्यामुळे कामाचे नाहीत. जुना, जडसर डबा शोधा.

बाकीचं सामान पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा घरबसल्या मागवून मिळतं. ३ वॉटचे सहा एलईडी घ्या, २० मिलिमीटरच्या चांदणीच्या आकाराच्या ॲल्युमिनियम प्लेटवर बसवलेले. त्यांना लागणारी २० मिलिमीटरची भिंगं होल्डरसकट घ्या: दोन अरुंद कोनाची, १५ अंशांच्या आसपास, आणि चार रुंद, ४५ ते ६० अंशांची. पीटी ४११५ या चिपवर बनवलेले दोन ड्रायव्हर (एलईडीला ठरावीक प्रवाह देणारी छोटी सर्किटं), १.५ केई २७ ए हा टीव्हीएस डायोड (जास्त व्होल्टेजचा झटका शोषणारा), १ एन ५८२२ हा शॉट्की डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा), थर्मल पेस्ट, एम ३ चे छोटे स्क्रू आणि फायबरचे वॉशर. वायरिंगसाठी १ चौरस मिलिमीटरची दोन कोअरची गोल केबल, ब्लेड फ्यूज होल्डर आणि ३ अँपिअरचा फ्यूज, १२ व्होल्टचा टॉगल स्विच, थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं कडं), हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी). आणि न्यूट्रल क्युअर सिलिकॉन. हे शेवटचं नाव दुकानात नीट सांगा. ते का, ते पुढे येईल.

एलईडीचा रंग निवडताना बरेच जण ६५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा घेतात, कारण दुकानात तो जास्त लख्ख दिसतो. माझं मत वेगळं आहे. निळसर उजेडात ओली माती, वाळकं पाचट आणि दगड सगळं एकाच राखाडी रंगाचं वाटतं. ४००० ते ५००० केल्व्हिनचा घ्या. मातीचा तपकिरी रंग त्यात तपकिरी दिसतो आणि चार तास काम केल्यावर डोळे चुरचुरत नाहीत.

ड्रायव्हर कशाला हवा

माझा पहिला दिवा मी ड्रायव्हरशिवाय, नुसता रेझिस्टर लावून बनवला होता. टेबलावर उत्तम चालला. शेतात तिसऱ्या रात्री एलईडी एकेक करून निळसर झाले आणि विझले. चूक कुठे झाली ते हिशोब मांडल्यावर समजलं, आणि तो हिशोब प्रत्येकाने एकदा कागदावर करून पाहावा.

एका पांढऱ्या एलईडीला चालायला साधारण ३.२ व्होल्ट लागतात. तीन एकामागे एक जोडले की ९.६. इंजिन बंद असताना बॅटरी १२.२ व्होल्ट देत असेल, तर रेझिस्टरवर २.६ व्होल्ट उरतात. ३.९ ओहमचा रेझिस्टर लावला तर प्रवाह ०.६७ अँपिअर, म्हणजे अगदी बरोबर. आता इंजिन सुरू करा. अल्टरनेटर चार्जिंग करताना तेच १४.४ व्होल्ट होतात, रेझिस्टरवर ४.८ व्होल्ट येतात आणि प्रवाह जवळपास १.२ अँपिअरवर जातो. व्होल्टेज दोन-सव्वादोन वाढलं आणि एलईडीवरचा भार पावणेदोन पटीहून जास्त झाला. शिवाय एलईडी तापला की त्याला लागणारं व्होल्टेज आणखी कमी होतं, प्रवाह आणखी वाढतो, तो आणखी तापतो. टेबलावर मी १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर तपासलं होतं, म्हणून हे तिथे दिसलंच नाही.

पीटी ४११५ हा प्रवाह बांधून ठेवतो, बॅटरी १२ व्होल्ट देवो की साडेचौदा. किती प्रवाह द्यायचा हे त्याच्यावरचा एक छोटा रेझिस्टर ठरवतो आणि सूत्र सोपं आहे: ०.१ भागिले रेझिस्टरचे ओहम. तुमच्या हातातल्या ड्रायव्हरवर भिंगातून पाहा. तांदळाच्या कणीएवढ्या काळ्या चौकोनावर आर १५० लिहिलेलं दिसेल. म्हणजे ०.१५ ओहम, म्हणजे ०.६७ अँपिअर. आपल्याला हाच हवा. आर १०० असेल तर तो पूर्ण १ अँपिअर देतो. ३ वॉटचा साधा एलईडी तो सहन करेल असं दुकानदार सांगेल, पण मे महिन्यातल्या उष्म्यात मी ते करणार नाही.

सहा एलईडींना दोन ड्रायव्हर, तीन-तीनच्या दोन माळा. एकाच ड्रायव्हरला दोन्ही माळा समांतर जोडण्याचा मोह होतो, पण दोन माळांचं व्होल्टेज कधीच तंतोतंत जुळत नाही. जी माळ किंचित कमी व्होल्टेजची, ती जास्त प्रवाह खाते आणि आधी मरते.

एक गोष्ट इथेच मनात पक्की करा, कारण चांगले वायरमनही इथे फसतात. या ड्रायव्हरवर एलईडीची मायनस म्हणजे बॅटरीची मायनस नव्हे. आतल्या रचनेत एलईडीची मायनस कॉइलमधून चिपकडे जाते. गाडीच्या सवयीने कोणी ती बॉडीला अर्थ केली तर ड्रायव्हरचं नियंत्रण सुटतं, सगळा दाब थेट एलईडीवर येतो आणि माळ जळते. ड्रायव्हरमधून एलईडीकडे जाणाऱ्या दोन्ही वायरी बॉडीपासून अलग राहिल्या पाहिजेत.

डबा तयार करणं

जुनी प्लेट, जुनं सिलिकॉन, २३० व्होल्टची केबल सगळं काढून टाका. डब्याचा आतला तळ रॉकेल किंवा थिनरने पुसून घ्या आणि त्यावर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहा. पट्टीखालून उजेड दिसला तर तळ सपाट नाही. जाड लाकडी ठोकळ्याला ४०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून तो घासा. अर्धा तास लागेल, पण या अर्ध्या तासावर एलईडीचं आयुष्य ठरतं.

आपला दिवा एकूण १२.९ वॉट घेतो: सहा गुणिले ३.२ गुणिले ०.६७. त्यातला मोठा वाटा उजेड न होता उष्णता होतो. हॅलोजनची उष्णता काचेतून समोर फेकली जाते. एलईडीची मात्र मागच्या बाजूने ॲल्युमिनियममध्ये उतरावी लागते, दुसरी वाट नाही. एलईडी आणि डबा यांच्यात केसाएवढी हवेची फट राहिली तरी ती वाट अडते.

चांदण्या दोन ओळींत तीन-तीन मांडा, मध्यापासून मध्यापर्यंत २५ मिलिमीटर अंतर ठेवा आणि पेन्सिलने खुणा करा. अरुंद भिंगांचे दोन एलईडी वरच्या ओळीत घ्या. स्क्रूसाठी २.५ मिलिमीटरचं भोक पाडून एम ३ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारा. टॅप मारताना थेंबभर रॉकेल सोडा आणि अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे असा फिरवा, नाहीतर मऊ ॲल्युमिनियममध्ये टॅप अडकून मोडतो. भोक आरपार गेलं तर घाबरू नका, शेवटी मागून सिलिकॉनचा ठिपका द्यायचा.

सोल्डरिंग

एलईडी डब्यावर बसवायच्या आधी त्याला वायरी सोल्डर करा, ही माझी खास सूचना. चांदणी एकदा डब्यावर बसली की डबा सगळी उष्णता ओढून घेतो. ६० वॉटची गनही तिथे सोल्डर नीट वितळवत नाही आणि धरून धरून एलईडी मात्र शिजतो. लाकडी फळीवर चांदणी ठेवा, पॅडवर आधी थोडं सोल्डर चढवा, वायरीच्या टोकाला वेगळं चढवा, मग दोन्ही टेकवून दोन सेकंदांत गन उचला. सांधा चकचकीत आणि पसरट दिसला पाहिजे. दाणेदार, मळकट गोळी बसली असेल तर ती पुन्हा करा. मधल्या पिवळ्या ठिपक्याला बोट किंवा गन लावू नका. खाली निळा उजेड देणारी चिप असते आणि वरचा पिवळा लेप त्यातल्या काही निळ्याचं पिवळं करतो, म्हणून आपल्याला पांढरं दिसतं. तो लेप बोटाने सहज दबतो.

मग प्रत्येक चांदणीच्या पाठीला वाटाण्याच्या निम्म्याएवढी थर्मल पेस्ट लावून ती जागेवर दाबा आणि थोडी गोल फिरवा. पेस्ट कडांतून किंचित बाहेर आली की पुरे. जाड थर चांगला असं वाटतं, ते चूक आहे. पेस्ट फक्त खाचखळगे भरायला असते. स्क्रूखाली फायबरचा वॉशर घाला, कारण स्क्रूचं डोकं सोल्डरच्या पॅडला टेकलं की माळ बॉडीशी जोडली जाते.

आता मल्टीमीटर बीपवर ठेवा. एक टोक डब्याच्या उघड्या धातूला, दुसरं प्रत्येक एलईडीच्या प्लसला आणि मायनसला, अशा बारा तपासण्या करा. एकदाही बीप वाजता कामा नये. वाजली तर ती चांदणी काढा, पॅडजवळ सोल्डर ओघळलेलं सापडेल. मी एकदा हे न तपासता डबा बंद केला होता आणि त्याची किंमत तीन एलईडींनी दिली.

तीन एलईडींची प्लसची मायनसला अशी माळ जोडा आणि माळेची दोन टोकं ड्रायव्हरच्या एलईडी लिहिलेल्या बाजूला न्या. दोन्ही ड्रायव्हर डब्यातच, भिंतीला सिलिकॉनने चिकटवा. त्यांच्यावरची कॉइल जड असते आणि हादऱ्याने तिचे पाय तुटतात, म्हणून तिच्या बुडाशी सिलिकॉनचा एक ठिपका आठवणीने द्या. ड्रायव्हर धातूच्या डब्यात आणि वायरी आखूड ठेवल्या की आणखी एक फायदा होतो: ट्रॅक्टरवरच्या एफएम रेडिओत खरखर येत नाही.

झटक्यापासून संरक्षण

ट्रॅक्टरची वीज घरच्या अडॅप्टरसारखी स्वच्छ नसते. आपल्याकडे एक सर्रास प्रकार चालतो: बॅटरी उतरली की दुसऱ्याची बॅटरी लावून इंजिन सुरू करायचं आणि चालू इंजिनवरच ती काढून घ्यायची. त्या क्षणी अल्टरनेटरचा प्रवाह घ्यायला बॅटरी नसते आणि लाईनवर अनेक पटींनी जास्त व्होल्टेजचा झटका येतो. हॅलोजन बल्ब तो पचवतो, ड्रायव्हर चिप पचवत नाही.

डब्यात येणाऱ्या प्लस वायरीत १ एन ५८२२ लावा, पट्टीची बाजू ड्रायव्हरकडे. वायरी उलट जोडल्या गेल्या तर तो प्रवाह अडवतो. त्याच्या पुढे, ड्रायव्हरच्या प्लस-मायनसवर आडवा १.५ केई २७ ए लावा, पट्टी प्लसकडे. २३ व्होल्टपर्यंत तो गप्प बसतो आणि त्यावरचा झटका स्वतः खाऊन ३७-३८ व्होल्टच्या आत दाबतो. पीटी ४११५ तेवढं क्षणभर सहन करतो. दोन्ही डायोड मिळून खर्च किरकोळ आहे. तरीही चालू इंजिनवर बॅटरीची टर्मिनल काढू नका, आणि ट्रॅक्टरला जोडलेल्या अवजाराला वेल्डिंग करायचं असेल तर आधी दिव्याचा फ्यूज काढा आणि बॅटरीची केबल सोडवा. डायोड शेवटचा पहारेकरी आहे, रोज त्याच्यावर हल्ला करायला नको.

टेबलावरची परीक्षा

काच लावायच्या आधी दिवा १२ व्होल्ट, २ अँपिअरच्या अडॅप्टरवर चालवा. एलईडीकडे सरळ पाहू नका, वर पांढरा कागद धरा. मल्टीमीटर १० अँपिअरच्या छिद्रात घालून माळेच्या मधे जोडा. दोन्ही माळांत ०.६५ ते ०.७० च्या दरम्यान आकडा यायला हवा. मीटर जोडताना किंवा काढताना दर वेळी आधी वीज बंद करा. ड्रायव्हर चालू असताना एलईडी तोडून पुन्हा जोडला तर पहिल्या क्षणाच्या धक्क्याने तो जाऊ शकतो.

त्यानंतर दिवा दोन तास तसाच, पंखा न लावता चालू ठेवा आणि डब्याच्या पाठीला तळहात टेकवा. सावकाश पाच आकडे मोजेपर्यंत हात ठेवता आला तर उत्तम. दोन आकड्यांतच हात काढावा लागला तर डबा ६० अंशांच्या आसपास पोचलाय असं समजा. आतला एलईडी त्याहून २५-३० अंशांनी गरम असतो. डबा थंड पण एखादी चांदणी चटका देते असं झालं, तर तिच्याखालची पेस्ट नीट बसलेली नाही.

पाणी

दिवे जास्त करून उष्णतेने मरतात आणि त्याखालोखाल पाण्याने. त्यातही सिलिकॉन चुकीचं वापरलं तर आतून मरतात. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं साधं सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा आंबट वास सोडतं. तो वास म्हणजे ॲसिटिक ॲसिडची वाफ. बंद डब्यात ती तांब्याच्या पट्ट्या गंजवते आणि एलईडीच्या आतली चांदी काळी पाडते. दिवा दोन-तीन महिन्यांत मंद होतो आणि कारण कळत नाही. न्यूट्रल क्युअर सिलिकॉनला हा आंबट वास येत नाही. नळी विकत घेतल्यावर थेंबभर बाहेर काढून वास घ्या. आंबट आला तर परत करा.

भिंगं होल्डरमध्ये बसवा, होल्डरचे पाय चांदणीला चिकटवा, मूळ गॅस्केट धुऊन लावा आणि काचेच्या कडेने सिलिकॉनची पातळ रेघ द्या. चोवीस तास वाळू द्या. केबल जिथून डब्यात शिरते ती जागा खालच्या बाजूला येईल असा डबा बसवायचा आहे हे लक्षात ठेवा. सर्वांत खालच्या कोपऱ्यात दीड मिलिमीटरचं एक भोक मुद्दाम ठेवा. ऐकायला उलटं वाटेल. पण गरम दिव्यावर थंड पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि फट मिळेल तिथून पाणी ओढते. खाली भोक असलं तर हवा तिथून ये-जा करते, गॅस्केटवर ताण येत नाही आणि वाफ धरली तरी निघून जाते. अर्धा तास दिवा तापवून त्यावर पाइपने पाणी मारून पाहा. काचेच्या आत धुकं धरलं तर कडा पुन्हा बंद करा. प्रेशरच्या पाण्याने ट्रॅक्टर धुताना मात्र फवारा थेट दिव्यावर धरू नका.

ट्रॅक्टरवर चढवणं

बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज. हे ठिकाण बदलू नका. फ्यूज दिव्याजवळ लावला आणि केबल मधेच घासून बॉडीला लागली, तर पेटायला पूर्ण केबल मोकळी राहते. फ्यूजपासून स्विच, स्विचपासून दिवा. एक अँपिअरच्या आसपासच्या भाराला रिले लागत नाही. मायनससाठी चेसिसवर जागा निवडा, तिथला रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घालून थिंबल कसा आणि वरून व्हॅसलिन फासा. दिवा लुकलुकतो अशी तक्रार घेऊन लोक येतात, तेव्हा दहातल्या आठ वेळा मला रंगावर कसलेला थिंबलच सापडला आहे. केबल सायलेन्सरपासून लांब ठेवा आणि जिथे दिव्यात शिरते तिथे बोटभर सैल वळसा द्या. दिव्याच्या बोल्टला हादऱ्याने न सुटणारा नायलॉक नट आणि क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबच्या रबराचा तुकडा.

दिवा कुठे बसवायचा यावर मी बराच काळ चुकलो. सगळे टपावर बसवतात, कारण उंचावरून लांब दिसतं. नांगरटीला ते ठीक आहे. पण रोटर मारताना कोरड्या रानात धूळ उडते, आणि दिवा डोळ्यांच्या जवळ असला की समोर फक्त उजळलेली धूळ दिसते, रान दिसत नाही. धुळीच्या कणांवरून परतलेला उजेड तेव्हा सरळ डोळ्यांत येतो. म्हणून दिवा डोळ्यांपासून दूर, खाली न्या. मागच्या रोटरसाठी मडगार्डच्या बाहेरच्या टोकाला, आणि पुढच्या तासासाठी बंपरच्या पट्टीवर. तिरपा, खालून पडलेला उजेड ढेकळांच्या लांब सावल्या पाडतो आणि तासाची कड स्पष्ट कळते.

कोन लावायला सपाट जागेत ट्रॅक्टर उभा करा. मागच्या दिव्याचा उजेड रोटरच्या मागे तीन-चार मीटरवर संपला पाहिजे. पुढच्या दिव्यासाठी मी केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १०६ व्या नियमाचंच माप वापरतो, शेतात असलो तरी: दिव्यापासून ८ मीटर पुढे, ट्रॅक्टरच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाहेर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे ठेवून एका माणसाला उभं करा. त्याचे डोळे दिपले तर दिवा आणखी खाली झुकवा. शेजारच्या रानात पाणी पाजणारा माणूस, बांधावरून सायकलवर घरी जाणारं पोर, यांच्याही डोळ्यांची उंची साधारण तेवढीच किंवा थोडी खाली असते.

पहिल्या रात्री दोन तास काम झालं की ट्रॅक्टर थांबवून तीन गोष्टी पाहा: बोल्ट हाताने हलतो का, फ्यूज होल्डर गरम लागतो का, आणि डब्याच्या पाठीवर तळहात किती वेळ टिकतो. सकाळी काचेच्या आत दव दिसलं आणि उन्हात तासाभरात गेलं तर खालचं भोक काम करतंय. दुपारपर्यंत टिकलं, तर ते भोक मातीने बुजलं आहे. दाभण घालून मोकळं करा.